पेपर्स पास्ट: एका संस्कृतज्ञ जर्मन राज्यपालाचा माग काढताना वापरलेला वृत्तपत्रसंग्रह

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ या काळात अध्यापन करणारे फ्रान्झ कीलहॉर्न हे नाव संस्कृत व्याकरणाच्या मराठी अभ्यासकांना परके नाही. त्यांनी सिद्ध केलेली पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती आजही संदर्भासाठी कपाटातून काढली जाते. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी इंग्रजीत लिहिलेले संस्कृत व्याकरण १८७० मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले आणि त्याचे जर्मन भाषांतर १८८८ मध्ये बर्लिनला निघाले. हे भाषांतर करणारा पंचविशीतला तरुण म्हणजे विल्हेल्म सोल्फ. बारा वर्षांनी, १ मार्च १९०० रोजी, हाच माणूस प्रशांत महासागरातील जर्मन सामोआचा पहिला राज्यपाल झाला. १९११ च्या अखेरीस जर्मनीच्या सर्व वसाहतींचा कारभार त्याच्या हाती आला. ऑक्टोबर १९१८ मध्ये कैसरच्या साम्राज्याचा शेवटचा परराष्ट्रमंत्री म्हणून त्याने काम पाहिले. आणि पुढे १९२० पासून आठ वर्षे त्याने टोकियोत जर्मनीचे प्रतिनिधित्व केले.

माझे आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेले, त्यामुळे धातुरूपांपासून निघून राज्यपालाच्या खुर्चीपर्यंत पोहोचलेला हा प्रवास नीट समजून घ्यावा असे मला फार दिवसांपासून वाटत होते. सोल्फ यांच्याविषयी जे लेखन सहज हाती लागते ते बहुतेक दोन टोकांचे असते. एका बाजूला ते उदारमतवादी, विद्वान, स्थानिकांच्या चालीरीती जपणारे राज्यकर्ते ठरतात, तर दुसऱ्या बाजूला केवळ वसाहतवादी म्हणून त्यांचा निकाल लावला जातो. मला त्यांचा कारभार आठवड्या-आठवड्याने, त्या वेळच्या छापील कागदावर पाहायचा होता. त्यासाठी मी प्रथम एका परदेशी संग्रहाची वर्षाची वर्गणी भरली. तिथे सामोआविषयीची मोजकी पाने होती, त्यातली काही अर्धी कापलेली होती, आणि वर्गणी परत मागणाऱ्या माझ्या तीन पत्रांना एकदाही उत्तर आले नाही. त्या अनुभवानंतर न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची पेपर्स पास्ट ही सेवा वापरायला घेतली. ती पूर्णपणे विनामूल्य आहे आणि तिच्यासाठी नावनोंदणीही करावी लागत नाही. गेले काही महिने मी ती जवळजवळ रोज उघडते आहे, आणि ज्यांना वसाहतकालीन इतिहासात रस आहे अशा मराठी वाचकांसाठी तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

ही सेवा २००१ मध्ये सुरू झाली. न्यूझीलंडमधील जुनी वृत्तपत्रे हा तिचा मुख्य साठा असला तरी नियतकालिके, पत्रव्यवहार, संसदीय कागदपत्रे आणि पुस्तके यांचेही स्वतंत्र विभाग तिच्यात आहेत. सोल्फ यांचा माग काढणाऱ्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की आपियाहून निघणारी सामोआतील वृत्तपत्रेही तिच्यात आहेत, आणि त्यांत १९०१ पासूनचे समोआनिश त्साइटुंग हे साप्ताहिक आहे. हे पत्र जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे, त्यामुळे ज्याला जर्मन येत नाही त्यालाही त्यातला बराच भाग वाचता येतो. एका साम्राज्याच्या वसाहतीचे वृत्तपत्र दुसऱ्या साम्राज्याच्या शेजारी देशाने जपून ठेवावे आणि ते पुण्यात घरबसल्या वाचायला मिळावे, याचे मला पहिल्या दिवशी वाटलेले अप्रूप अजून ओसरलेले नाही.

वापरण्याची पद्धत सरळ आहे. शब्द टाकायचा, हवे ते वृत्तपत्र निवडायचे, तारखांची मर्यादा घालायची, की बातम्यांची यादी समोर येते. प्रत्येक बातमीसोबत मूळ छापील पानाचे चित्र आणि यंत्राने वाचलेला मजकूर असे दोन्ही मिळतात. माझा आग्रह असा, की मजकुरावर विसंबू नये, चित्रच वाचावे. शतकापूर्वीचा झिजलेला खिळा, पसरलेली शाई आणि अरुंद रकाने यांमुळे यंत्राचे वाचन कुठेही चुकते, मग संग्रह कोणताही असो. सोल्फ हे नाव तर या बाबतीत विशेष अवघड आहे. रोमन लिपीत ते चारच अक्षरांचे आहे आणि त्यातल्या ‘ओ’च्या जागी ‘ई’ वाचला गेला की त्याचा ‘स्वतः’ या अर्थाचा अतिपरिचित इंग्रजी शब्द होतो. म्हणून नुसते आडनाव शोधण्यापेक्षा त्याच्यासोबत ‘डॉक्टर’, ‘राज्यपाल’ किंवा ‘आपिया’ यांपैकी एखादा शब्द इंग्रजीतून जोडावा. सामोअन नावांमध्ये स्वरांच्या मध्ये येणारे उलटे स्वल्पविरामासारखे चिन्ह त्या काळचे वृत्तपत्र बहुधा छापत नसे, तेव्हा माता’आफा या सामोअन नेत्याचे नाव चिन्ह गाळून शोधावे.

तारखांविषयी एक सावधगिरी मी मुद्दाम नोंदवते, कारण ती लक्षात न घेतल्यास घटनांचा क्रम चुकतो. सामोआने १८९२ मध्ये व्यापाराच्या सोयीसाठी अमेरिकेच्या बाजूची तारीख स्वीकारली होती, आणि त्यासाठी त्या वर्षी ४ जुलै हा दिवस तिथे दोनदा मोजला गेला. त्यामुळे आपियाचे पत्र आणि ऑकलंडचे पत्र एकाच दिवसाविषयी लिहीत असतील तर त्यांच्या तारखांत एका दिवसाचे अंतर पडते. हे ध्यानात आल्यावर मी माझ्या वहीत दोन रकाने आखले, डावीकडे आपिया आणि उजवीकडे ऑकलंड. ही वही आता जवळपास भरत आली आहे.

सोल्फ यांची सामोआपूर्वीची वर्षे मात्र या संग्रहात शोधू नयेत. ती इतरत्रच वाचावी लागतात. त्यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८६२ रोजी बर्लिनमध्ये झाला. प्राकृत व्याकरणामुळे आपल्याला माहीत असलेले रिखार्ड पिशेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हाले येथे डॉक्टरेट मिळवली, आणि विषय होता बिल्हणाच्या चौरपंचाशिकेची काश्मिरी पाठपरंपरा. प्रत्येक श्लोक ‘अद्यापि’ या शब्दाने उघडणाऱ्या त्या प्रेमकाव्याचा पाठ सिद्ध करायचा म्हणजे हस्तलिखितांतील प्रत्येक पाठभेद तोलायचा, कोणता जुना आणि कोणता मागाहून घुसलेला हे ठरवायचे. काश्मीरचा हा कवी पुढे कल्याणीच्या चालुक्य दरबारात राहिला, म्हणजे आपल्या भूमीपासून तो फार दूरचा नव्हे. १८८८ च्या डिसेंबरात सोल्फ जर्मन परराष्ट्रखात्यात दाखल झाले आणि १८८९ च्या आरंभी कोलकात्याच्या वाणिज्य दूतावासात रुजू झाले. पण कायद्याच्या पदवीशिवाय त्या खात्यात वरच्या जागांवर जाता येत नसे. त्यांनी ती नोकरी सोडली, येना येथे कायद्याचा अभ्यास केला, १८९६ मध्ये त्यातही डॉक्टरेट घेतली आणि १८९८ मध्ये दार-एस-सलामला न्यायाधीश म्हणून गेले. १८९९ मध्ये आपियाच्या नगरपरिषदेचे अध्यक्ष म्हणून ते सामोआत उतरले, आणि इथून पेपर्स पास्टचे काम सुरू होते.

त्या वर्षी सामोआवर जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तिघांचा संयुक्त अंमल होता आणि तो मोडकळीस आलेला होता. डिसेंबर १८९९ च्या करारानुसार उपोलू आणि सवाई’ई ही पश्चिमेची मोठी बेटे जर्मनीला, तुतुइलासह पूर्वेकडची बेटे अमेरिकेला मिळाली आणि ब्रिटनने टोंगा व सॉलोमन बेटांतील सवलतींच्या बदल्यात माघार घेतली. न्यूझीलंडचे पंतप्रधान रिचर्ड सेडन यांना सामोआ आपल्याकडे हवे होते, त्यामुळे त्यांनी या वाटणीला विरोध केला. या गोष्टीचा संबंध थेट या संग्रहाच्या गुणवत्तेशी आहे. ऑकलंड आणि वेलिंग्टनची वृत्तपत्रे सोल्फ यांच्याविषयी जे लिहितात ते हातून निसटलेल्या बेटांकडे पाहत लिहिलेले आहे. कौतुक असो की टीका, त्यामागे ही नजर आहे हे विसरून चालणार नाही. आपियाचे पत्र तर गोऱ्या व्यापाऱ्यांसाठी आणि मळेवाल्यांसाठीच निघत होते. म्हणजे दोन्हीकडे बोलणारे बाहेरून आलेले आहेत. सामोअन माणसाचा आवाज या रकान्यांत क्वचित आणि बहुधा दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतो. वाचताना मला सर्वांत जास्त जाणवलेली उणीव हीच, पण ती त्या काळच्या वृत्तपत्रांची आहे. ही वृत्तपत्रे जपणाऱ्या ग्रंथालयाला तिचा दोष देता येणार नाही.

राज्यपाल म्हणून सोल्फ यांनी जे केले त्याचे मोल ठरवताना मला त्यांचे संस्कृतचे शिक्षण वारंवार आठवले. ‘फा’आ सामोआ’ म्हणजे सामोअन रीत. कुटुंबप्रमुखाचा ‘मताई’ हा किताब, त्या किताबाशी बांधलेली जमीन, सभेत कोणी आधी बोलावे आणि कोणाला कोणत्या उपाधीने संबोधावे याचे बारीक नियम, हे सारे त्यांनी एखाद्या ग्रंथासारखे अभ्यासले. सामोअन जमीन परक्यांना विकण्यावर त्यांनी निर्बंध ठेवले, सामोअन लोकांना जबरदस्तीने मळ्यांवर राबवण्याच्या मळेवाल्यांच्या मागणीपुढे ते झुकले नाहीत, आणि १९०३ मध्ये जमीन व किताब यांच्या तंट्यांसाठी आयोग नेमला. आजच्या स्वतंत्र सामोआत जमीन आणि किताब यांचे न्यायालय आहे, त्याचे मूळ या आयोगात सापडते. आपल्याकडे वतनाच्या तंट्यांनी गावेच्या गावे कशी पोखरली गेली हे ज्यांनी जुन्या दप्तरांत वाचले आहे त्यांना या आयोगाची गरज चटकन समजेल.

पण ज्ञान हेच इथे सत्तेचे हत्यार होते, आणि हे पाने चाळताना अधिकाधिक स्पष्ट होत जाते. माता’आफा इओसेफो या वयोवृद्ध नेत्याला ‘तुपू’, म्हणजे राजा, म्हणू द्यायचे नाही हे सोल्फ यांनी ठरवले आणि त्याच्यासाठी ‘आली’ई सिली’, सर्वश्रेष्ठ प्रमुख, अशी उपाधी योजली. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसवला आणि राजेपद कैसरकडे गेले. पाठभेद तोलायला शिकलेल्या माणसालाच शब्दांच्या या फरकाचे वजन इतके अचूक कळते, असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि ते लिहिताना मन जड होते. प्रत्येक मताईने दरवर्षी पन्नास माड लावावेत असा हुकूम निघाला, कारण वसाहतीचा सगळा डोलारा खोबऱ्याच्या व्यापारावर उभा होता. कोकणातल्या माणसाला माड लावा म्हणून सांगावे लागत नाही. इथे मात्र तो दंडाच्या धाकाने लावायचा होता. मळ्यांवरच्या कामासाठी १९०३ पासून चिनी मजूर आणले गेले, आणि सामोअन लोकांना जे संरक्षण मिळाले त्यातले काहीच या मजुरांच्या वाट्याला आले नाही.

खोबऱ्याच्या भावाने नाडलेल्या सामोअन लोकांनी १९०४–०५ च्या सुमारास स्वतःची ‘ओलोआ’ नावाची व्यापारी कंपनी काढण्याचा प्रयत्न केला. सहकारी खरेदी-विक्रीचा अर्थ महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सोल्फ यांनी तो प्रयत्न मोडला आणि पाठोपाठ ‘तुमुआ’ व ‘पुले’ या परंपरागत वक्त्या-प्रमुखांच्या गटांची सत्ताही मोडीत काढली. जी रीत जपण्याबद्दल त्यांचे नाव घेतले जाते तिच्यातले हे दोन आधारखांबच होते. रीत जपायची, पण तिच्यातून राज्यकर्त्याला प्रश्न विचारण्याची ताकद काढून घ्यायची, असा तो कारभार होता. त्यांच्या कौतुकाची जी पुस्तकी वाक्ये मी पूर्वी वाचली होती ती या टप्प्यानंतर मला पुन्हा तशीच वाचता आली नाहीत.

१९११ च्या अखेरीनंतरचे सोल्फ या संग्रहात दूरच्या तारांमधून दिसतात. बर्लिनला वसाहतमंत्री होताच, जानेवारी १९१२ मध्ये, त्यांनी सामोआतील गोऱ्या आणि स्थानिक लोकांमधील विवाहांवर बंदी घातली. जर्मन संसदेने त्याच वर्षी अशा विवाहांना कायदेशीर मान्यता देण्याच्या बाजूने ठराव केला, तेव्हा सोल्फ यांनी गोऱ्या वंशाच्या अभिमानाला हात घालून त्याला विरोध केला. ज्यांच्या मुलीचे नाव सामोअन होते त्यांनी हे करावे, याची संगती मला आजही लावता येत नाही. ही मुलगी १९०९ मध्ये जन्मली आणि तिचे ‘सो’ओआ’एमालेलागी’ हे नाव घरात ‘लागी’ असे आटोपशीर झाले. ‘लागी’ म्हणजे आकाश.

महायुद्ध सुरू होताच, ऑगस्ट १९१४ च्या अखेरीस, न्यूझीलंडच्या फौजेने सामोआ एकही गोळी न झाडता ताब्यात घेतले. या घटनेसाठी पेपर्स पास्टला तोड नाही. एकाच आठवड्यात गावोगावच्या पत्रांनी तीच बातमी कशी वेगवेगळी मांडली हे एका बैठकीत पाहता येते. १९१८ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना गेलेल्या युद्धबंदीच्या खलित्यांखाली सोल्फ यांचे नाव होते, आणि न्यूझीलंडच्या वाचकांना ते ओळखीचे वाटले असणार, कारण दशकभर ते नाव त्यांनी शेजारच्या बेटांच्या बातम्यांत वाचलेले होते. टोकियोच्या वर्षांसाठी मात्र हा संग्रह तोकडा आहे. बौद्ध धर्माचा त्यांचा अभ्यास, १९२२ च्या अखेरीस जपानला आलेल्या आइन्स्टाइन यांच्या दौऱ्याविषयी त्यांनी बर्लिनला पाठवलेला अहवाल, जर्मनी आणि जपान यांच्यातील सांस्कृतिक संस्थांची उभारणी, हे समजून घ्यायला इतर साधने धुंडाळावी लागतात. ६ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. नाझी राजवटीला त्यांचा विरोध होता. पुढे त्यांची पत्नी हान्ना आणि मुलगी लागी यांनी छळ होणाऱ्या लोकांना आसरा दिला, १९४४ मध्ये दोघींना अटक झाली आणि युद्धाच्या शेवटच्या आठवड्यांत त्यांची सुटका झाली.

सोयींविषयी थोडे. मोबाइलवर संग्रह उघडतो आणि मजकूरही वाचता येतो, पण वृत्तपत्राचे मोठे पान पाहायला संगणकाचा पडदाच बरा. अंक साठवून ठेवता येतात, प्रत्येक बातमीसोबत ती कोणत्या पत्रातील, कोणत्या तारखेची आणि कोणत्या पानावरची याची नोंद दिलेली असते, त्यामुळे वहीत टिपण करताना चूक होत नाही. जर्मन शब्द शोधताना डोक्यावर दोन बिंदू असलेले स्वर साध्या स्वरांनी आणि जोडस्वरांनी असे दोन्ही प्रकारे लिहून पाहावेत. ज्यांना एखाद्या विषयाचा तयार निबंध हवा आहे त्यांना इथे कंटाळा येईल, कारण पन्नास पाने वाचावीत तेव्हा कामाच्या चार ओळी मिळतात, आणि आधी कालपट पाठ नसेल तर त्या चार ओळीही निसटतात. आपल्या जुन्या ज्ञानप्रकाशाची पाने अशीच शब्द टाकून, तारीख घालून, फुकट आणि नीटनेटकी कोणाही शाळकरी मुलाला वाचता यावीत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. कीलहॉर्न पुण्यात असताना पुण्याने त्यांच्याविषयी काय लिहिले, हे मग मी त्याच वहीच्या तिसऱ्या रकान्यात उतरवीन.

ज्यांना ही सेवा पहिल्यांदाच वापरून पाहायची आहे त्यांनी सोल्फ यांच्या नावाने सुरुवात करू नये, असे मी सुचवेन. सवाई’ईचे लाउआकी नामुलाउ’उलू मामोए हे थोर वक्ते सोल्फ यांच्या कारभाराविरुद्ध उभे राहिले. ‘माउ आ पुले’ या त्यांच्या चळवळीला मोडण्यासाठी १९०९ मध्ये जर्मन युद्धनौका बोलावण्यात आल्या, आणि त्यांना सहकाऱ्यांसह हजारो मैल दूर सायपान बेटावर हद्दपार करण्यात आले. जर्मनांची सत्ता गेल्यावर, १९१५ मध्ये, त्यांना मायदेशी परतण्याची वाट मोकळी झाली, परंतु परतीच्या प्रवासातच त्यांचा मृत्यू झाला. सामोअन बोलण्यातला ‘क’ औपचारिक भाषेत ‘त’ होतो, म्हणून वृत्तपत्रांत हे नाव ‘लाउआती’ असे येते. दोन्ही रूपे टाकावीत, १९०८ ते १९१५ ही मर्यादा घालावी आणि चित्र मोठे करून वाचावे.